कोरे राहिलेले बारा जोड

बाराच्या बारा जणांनी चप्पल चांगली आहे असं सांगितलं, तेव्हा हरिदासभाऊंना काळजीच लागली. एखाद्याने नाक मुरडलं असतं, पट्टा काचतो म्हटलं असतं, निदान रंगाला नाव ठेवलं असतं, तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता. जगात बारा माणसांना एकसारखी आवडेल अशी वस्तू त्यांनी तरी पाहिली नव्हती, आणि ती आपल्या हातून घडेल यावर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

हरिदास निमगडे सिंदेवाहीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच असलेल्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात चपला करायचे. वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि बोलणं इतकं हळू की जखमा धुणाऱ्या नीलाबाई म्हणायच्या, "भाऊ, तुमचं बोलणं आयकाले मले हातातली पट्टी ठेवून याव लागते." त्यांच्या वडिलांनी छप्पन साली गावकीची कामं सोडली ती पोराच्या हाती पुस्तक यावं म्हणून. पोराने पुस्तकं वाचली, पुष्कळ वाचली, आणि शेवटी रबर आणि रापी घेऊन बसला. वडील असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न हरिदासभाऊ अजून अधूनमधून स्वतःला विचारत आणि उत्तर यायच्या आत कामाला लागत.

या आजारात पायाची जाणीव जाते. काटा रुतला, खडा बोचला, तापलेल्या वाळूने फोड आला, तरी माणसाला पत्ता लागत नाही. तो तसाच चालत राहतो, आणि एक दिवस तळव्याला भोक पडतं. म्हणून दवाखान्याची चप्पल वेगळी असायची. वर मऊ काळं रबर, खाली ट्रकच्या टायरचा तुकडा, आणि टाचेमागे पट्टा. पट्टा अशासाठी की पायातून चप्पल गळून पडली तरी त्या पायाला ते कळायचं नाही.

हरिदासभाऊंनी दोन हिवाळे शब्दकोश शेजारी ठेवून एक इंग्रजी पुस्तक वाचलं आणि या चपलेत एक बदल केला. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे सगळ्यात जास्त जखमा होतात, तिथे आतल्या बाजूने रबर कोरून खळगा केला, म्हणजे भार आजूबाजूला वाटला जाईल. डॉक्टर देशकरांना कल्पना आवडली. नागपूरहून आलेला तरुण माणूस, कामाला वाघ. म्हणाले, "निमगडे, आधी बारा पेशंटवर दोन महिने चाचणी करू. वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय आपण ठरवायचं नाही. चाचणी उतरली की तीनशे जोड करू."

आणि त्यांनी एक फॉर्म छापून घेतला. चप्पल आवडली का, सैल होते का, जड वाटते का, पट्टा तुटला का, असे सात प्रश्न.

पुस्तकात तपासण्याची एक दुसरी रीत सांगितली होती. माणसाला चपलेत भरपूर चालवायचं आणि लगेच आपला तळहात त्याच्या तळपायावरून फिरवायचा. जिथे जास्त दाब येतो तिथे कातडी गरम लागते. पायाला स्वतःला बोलता येत नाही, म्हणून हाताने ऐकायचं. हरिदासभाऊंनी ते पान तीनदा वाचलं होतं. पण बारापैकी आठ बाया होत्या. परक्या बाईचा पाय हातात कसा घ्यायचा? एकदा त्यांनी नुसता हात पुढे केला होता, तर एक म्हातारी पाय पदराखाली ओढून म्हणाली होती, "नोको जी, तुमच्यासारख्या शिकल्या माणसानं पायाले हात लावला तं मले पाप लागन." त्यांना उलट सुटल्यासारखंच झालं. मग त्यांनी फॉर्मवर भागवलं.

दर गुरुवारी लोक यायचे. हरिदासभाऊ एकेकाला विचारायचे.

"चप्पल कशी आहे?"

"लगीत चांगली हाय जी."

"जड वाटते का?"

"नाई जी."

"काहीच त्रास नाही?"

"तुमी केली अनं तरास कायचा?"

जंगू आत्राम म्हणून एक वयस्क गोंड गृहस्थ होते. त्यांना हरिदासभाऊंनी चौथ्या गुरुवारी चौथ्यांदा विचारलं. जंगूंनी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. हा माणूस काहीतरी ऐकायला आसुसलाय, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवावं, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. "थोडीशी," ते म्हणाले, "थोडीशी जड हाय म्हनू शकता."

हरिदासभाऊंना केवढा आनंद झाला! शेवटी एक खरं उत्तर मिळालं. त्यांनी बाराही जोड परत मागवले, प्रत्येकाच्या खालचा टायर तासून पातळ केला आणि पुढच्या गुरुवारी वाटून टाकले. डॉक्टर म्हणाले, "बघा, याला म्हणतात चाचणी."

तीन आठवडे झाले आणि मनकर्णाबाईंची जखम पुन्हा उघडली.

मनकर्णाबाई चाळिशीच्या. हाताची बोटं धडधाकट, चेहऱ्यावर काही खूण नाही. आजाराने नेला तो फक्त उजवा तळवा. सिंदेवाहीच्या बाजारात वांगी, वाल आणि लाखोळीची भाजी विकायच्या. त्या दिवशी नीलाबाईंनी पट्टी सोडली आणि आवाज दिला, "भाऊ, जरा इकडे या."

अंगठ्याच्या मुळाशी, नेमकी खळग्याची जागा. रुपयाएवढं भोक. हरिदासभाऊ पाहायला वाकले, तोवर डॉक्टरही आले.

डॉक्टर म्हणाले, "मनकर्णाबाई, ही तिसरी वेळ. हाड अजून वाचलंय. पुन्हा उघडली तर अंगठा हाडासकट काढावा लागेल, आणि मग पाय कुठपर्यंत टिकेल ते मी सांगू शकत नाही." मग त्यांनी चप्पल उलटी करून पाहिली. "सोल इतका पातळ का?"

"जंगूंनी..." एवढं म्हणून हरिदासभाऊ थांबले. जो केवळ भिडेखातर एक वाक्य बोलला, त्याच्या माथी हे कसं मारायचं? तासणारा हात आपला होता.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फॉर्म मोठा करायचं ठरवलं. सातचे एकतीस प्रश्न होतील, आणखी सहा महिने चाचणी चालेल. तोवर तीनशे जोड थांबले, आणि तीनशे माणसं जशी चालत होती तशी चालत राहणार होती.

मनकर्णाबाई पट्टी बांधून उठल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊ, तुमी काऊन एवढं तोंड पाडून राह्यले? पाय माझा हाय ना." आणि हसल्या. पुढे हळूच नीलाबाईंना म्हणाल्या ते हरिदासभाऊंच्या कानावर पडलंच. "अक्षयतीजेच्या मागं माह्या कांताचं लगन हाय. मांडवात मले उभं राहाता आलं पायजे, एवढं करा."

हरिदासभाऊंचं जेवण तुटलं. डोळ्यांपुढे तो पातळ केलेला टायर यायचा. एकदा वाटायचं, खळगाच चुकला. एकदा वाटायचं, इंग्रजी वाक्याचा अर्थच आपण उलटा लावला. त्यांनी मनकर्णाबाईंची चप्पल कामाच्या पाटावर ठेवून दहादा पाहिली. रबर कसं गुबगुबीत होतं! दोन महिने वापरलेल्या रबरात बोटांचे ठसे उमटतात, टाच दबते. इथे काहीच नव्हतं. पण स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायची सवय नसल्यामुळे त्यांनी समजूत घातली की हे रबर चांगल्या जातीचं असेल, दबून पुन्हा वर येत असेल.

पुढच्या गुरुवारी ते सकाळीच निघाले. दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडे टायर पंक्चरचं दुकान होतं, तिथून ते टायरचे तुकडे आणत. जुन्या टायरांच्या चवडीमागे वाकून ते जाड तुकडा शोधत होते, तेवढ्यात फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली त्यांना माणसं दिसली.

जंगू आत्राम बुंध्याशी बसले होते. त्यांनी खांद्यावरचं गाठोडं सोडलं, आतून फडक्यात गुंडाळलेली काळी चप्पल काढली, फडक्यानेच पुसली आणि पायात घातली. शेजारी दोन बाया आपापल्या टोपल्यांतून चपला काढत होत्या. एकीच्या पायात साधी निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल होती, ती टोपलीत गेली. दुसरी अनवाणीच आली होती. एक म्हातारी पट्ट्यात पाय घालता घालता म्हणाली, "चाला वो, लवकर घाला. भाऊ येऊन इचारन, चप्पल कशी हाय म्हनून." सगळ्या हसल्या. हसण्यात वाईटपणा नव्हता. लग्नाला जाताना नवं लुगडं वेशीवर बदलावं, तसं चाललं होतं.

हरिदासभाऊ टायरांमागे खालीच बसले. पहिल्यांदा जो विचार आला त्याची त्यांना पुढे कित्येक दिवस लाज वाटली. विचार असा होता: म्हणजे जखम माझ्या चपलेने झाली नाही. दुसरा विचार लगेच मागोमाग आला, आणि तो जास्त वाईट होता. दोन महिने आपण बारा कोऱ्या चपलांना प्रश्न विचारत होतो. त्यांच्या उत्तरांवर विसंबून टायरही तासला.

मनकर्णाबाई सगळ्यात शेवटी आल्या, एका पायावर भार देत. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि वर पाहिलं, तर रस्ता ओलांडून हरिदासभाऊ येत होते.

जंगू उठून उभे राहिले. बाया पदर सारखा करू लागल्या. हरिदासभाऊंना वाटलं, आपणच कुणाचं काही चोरताना पकडले गेलो.

"बसा," ते म्हणाले. कुणी बसलं नाही, म्हणून ते स्वतःच मुळीवर बसले. मग म्हणाले, "मी प्रश्नच चुकीचे विचारले."

"नाई जी," जंगू घाईने म्हणाले, "तुमचे सवाल चांगले हायेत."

मनकर्णाबाईंना हसू आवरेना. त्या खाली बसल्या, आणि मग बाकीचेही बसले.

"भाऊ, तुमाले खरं सांगू का? राग नोको माना."

"सांगा."

"ही चप्पल पायात घातली का साऱ्या बाजाराले समजते मी कोन हाय ते. काळी, जाड, मांगं पट्टा. पोट्टेसोट्टे वरडतात, पाहा बे, दवाखान्याची चप्पल. मंग माह्या टोपलीतलं वांगं कोन घेईन? अनं कांताचं घर ब्रह्मपुरीचं ठरलं हाय. ते लोक बाजारात येतात. तेयले अजून ठावं नाई."

"पण पाय..."

"पाय दुखत नाई ना जी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लोकायचं बोलनं दुखते."

पाय दुखत नाही हे हरिदासभाऊंना ठाऊकच होतं, त्यावर तर त्यांचं सारं काम उभं होतं. माणसाला दुसरीकडे दुखतं, हे एकाही प्रश्नात बसलं नव्हतं. एकतीस प्रश्नांतही बसलं नसतं. शिवाय चप्पल करणाऱ्याच्या तोंडावर, त्याच्याच दवाखान्यात बसून, फुकट मिळालेल्या वस्तूला कोण नाव ठेवणार?

"मागचा पट्टा काढला तर?" त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच मान हलवली. पट्टा काढला तर चप्पल रस्त्यात राहील आणि पाय पुढे जाईल.

मनकर्णाबाई विचार करत होत्या. "आमच्या गावच्या शाळेतली मास्तरीनबाई हाय ना, चांद्याहून आलेली, तिच्या चपलेले मांगं पट्टा हाय. तिले तं कोनी काई म्हनत नाई. लाल-लाल हाय, पिवळं बक्कल हाय."

"तशी केली तर घालाल?"

"मले का मास्तरीन म्हनतीन लोक?" त्यांनी तोंडाला पदर लावला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "म्हनू द्या."

डॉक्टर देशकरांना सांगायला हरिदासभाऊंना सगळी दुपार लागली. तीनदा दारापर्यंत जाऊन ते परत आले. ऐकल्यावर डॉक्टरांनी तो एकतीस प्रश्नांचा कागद उलटा ठेवला. "म्हणजे आपण लोकांना विचारलं आणि त्यांनी आपला मान राखला," ते म्हणाले. "करा तुम्हाला हवी तशी. पण तपासणार कसं?"

हरिदासभाऊ रेग्झिन मागवायला उठले.

चंद्रपूरहून लालसर रेग्झिन आलं. मऊ काळ्या रबराच्या कडेने त्यांनी रेग्झिनची गोट फिरवली, म्हणजे जाडी डोळ्यात भरू नये. टायर पुन्हा पहिल्याइतका जाड केला. मागचा पट्टा इलॅस्टिकवर घेतला आणि त्यावर पिवळं बक्कल शिवलं, नुसतं शोभेचं. जखम भरायला पाच आठवडे लागले. तोवर मनकर्णाबाईंना टाच टेकवत घरात बसावं लागलं, बाजार कांता करायची. आणि चैत्र संपता संपता, नवी कातडी अजून गुलाबी असताना, त्यांनी नवी चप्पल नेली. हरिदासभाऊंनी एकही प्रश्न विचारला नाही.

पण न विचारता राहवेना. बाजाराच्या दिवशी सायकल घेऊन ते सिंदेवाहीला गेले, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पुढे जाता येत नाही. बाजारात त्यांना सगळे ओळखत. कुष्ठरोगाच्या दवाखान्यातला माणूस एखाद्या भाजीवालीशी दोन शब्द बोलला की त्या बाईविषयी पुढचं सगळं लोकच बोलणार. चप्पल कितीही लाल असली तरी तिच्याशेजारी आपण उभे राहिलो की ती काळी होणार.

म्हणून ते मडक्यांच्या ओळीमागे उभे राहिले आणि मडकी वाजवून पाहू लागले. कुंभारणीने दोनदा विचारलं, कोणतं देऊ. ऊन चढत होतं. जमीन तव्यासारखी तापली होती, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: आज जर तिने चप्पल टोपलीत ठेवली असेल, तर ही गुलाबी कातडी दुपारपर्यंत टिकणार नाही.

मग मनकर्णाबाई दिसल्या. टोपली डोक्यावर, चाल हळू, नजर समोर. पाय लुगड्याच्या काठाखाली होते, काही दिसेना. त्या त्यांच्यासमोरून, चार हातांवरून गेल्या. त्यांनी हरिदासभाऊंना पाहिलं होतं यात शंका नव्हती, पण ओळख दाखवली नाही. हरिदासभाऊ मडक्यावर आणखी वाकले.

शेजारच्या मिरच्यांच्या ढिगामागून भागीरथा नावाची बाई जोरात म्हणाली, "काऊन वो मनकर्णा! लाल चप्पल, पिवळं बक्कल! मास्तरीन झाली का आता?"

दोघीतिघींनी माना वळवल्या.

"पोट्टीचं लगन हाय, माय," मनकर्णाबाई टोपली उतरवत म्हणाल्या. "तिच्या सासूची याहीन व्हाची हाय मले. तुह्यासारखी फाटकी चप्पल घालून जाऊ का?"

"आता भाजीचा भाव बी मास्तरीनीचाच लावशीन!"

सगळ्या हसल्या आणि वळलेल्या माना आपापल्या ढिगांकडे परत गेल्या. एक गिऱ्हाईक वाकून वांगी निवडू लागलं. हरिदासभाऊंनी कुंभारणीकडून एक मडकं घेतलं, घरी तीन असताना.

पण आनंद घरापर्यंतही टिकला नाही. लोकांनी चप्पल मान्य केली हे खरं. पायाने केली का? दिवसभर उभं राहिल्यावर त्या खळग्यात काय होत असेल? इतके दिवस चप्पल वापरलीच जात नव्हती, तोवर खळगा बरोबर की चूक हे उघड व्हायचंच नव्हतं. आता पहिल्यांदा ते उघड होणार होतं.

गुरुवारी ते फाटकाशी उभे होते. मनकर्णाबाई कडुलिंबापाशी न थांबता सरळ आत आल्या. त्यांनी चप्पल काढून ठेवली. रेग्झिनवर धुळीचा थर, एका टाक्याला घरच्या पांढऱ्या दोऱ्याने दिलेला सांधा, आणि आत, मऊ रबरात, पाच बोटं आणि टाच उमटलेली. इतकी मळकी चप्पल पाहून कुणाचे डोळे भरून येतात हे हरिदासभाऊंना तोवर माहीत नव्हतं.

"किती चाललात?"

"घरून इथवर. दोन कोस असन."

ते खाली बसले. हात पुढे केला, थांबवला. मग नीलाबाईंकडे न पाहता म्हणाले, "बाई, पाय इकडे द्या."

"भाऊ!" मनकर्णाबाईंनी पाय मागे घेतला. "पाप लागन मले."

"लागलं तर निम्मं माझं," हरिदासभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की नीलाबाई हातातली पट्टी धरून बघतच राहिल्या.

त्यांनी पाय मांडीवर घेतला आणि तळहात टाचेवर ठेवला. कोमट. मधल्या कमानीवर, तीही कोमट. अंगठ्याच्या मुळाशी, गुलाबी कातडीवर हात नेला. तिथेही कोमटच लागलं. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग दुसऱ्या हाताने पाहिलं. खळगा काम करत होता.

आणि मग करंगळीच्या मुळाशी, जिकडे कुणी कधी पाहिलंच नव्हतं, त्यांचा तळहात थांबला. आणा-दोन आण्याएवढी जागा, इतर पायापेक्षा निश्चित गरम. अंगठ्याकडून वाटून दिलेला भार इकडे येऊन बसला होता. कातडी अजून शाबूत होती. आणखी महिनाभराने नसती.

"काय जी?" मनकर्णाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं. "अंगठा कापाव लागते का?"

"नाही," हरिदासभाऊ म्हणाले. "चप्पल कापावी लागेल. थोडीशी."

त्यांनी खिशातून खडू काढला, त्या गरम जागेवर एक गोल काढला आणि पाय तसाच चपलेत टेकवून घेतला. पाय उचलल्यावर काळ्या रबरावर पांढरा ठसा उमटला होता. रापी उचलून त्यांनी धार अंगठ्यावर पाहिली. लग्नाला अकरा दिवस होते.

"बसा जरा," ते म्हणाले. "मग फाटकापर्यंत पुन्हा चालून दाखवा. मी परत हात लावून पाहीन."